तिने नाकारलेल्या फ्रेम्सही तुमच्याकडेच सोपवल्या होत्या : संग्रहालयाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

माननीय विश्वस्त आणि संचालक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या संग्रह समितीचा निर्णय मला तुमच्याकडून कळला नाही, एका जुन्या सहकाऱ्याकडून कळला. निर्णय असा, की आमच्या दिवंगत छायाचित्रकार मैत्रिणीने स्वतःच्या हाताने केलेल्या प्रिंट्स आणि 'निवडक' निगेटिव्ह तेवढ्या जपायच्या. बाकीच्या निगेटिव्ह स्कॅन करून निकालात काढायच्या. कॉन्टॅक्ट शीट्स, म्हणजे अख्खा रोल एका कागदावर लहान आकारात छापलेली पानं, आणि नोंदवह्या 'दुय्यम साहित्य' ठरवून संग्रहातून कमी करायच्या. जागा अपुरी आहे, थंड साठवणुकीचा खर्च झेपत नाही आणि या साहित्याला प्रदर्शनमूल्य नाही, अशी कारणं टिपणात दिली आहेत. मी आधी साधी पत्रं पाठवून पाहिली. पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

तिचं नाव या पत्रात येणार नाही. ते तुमच्या दालनाच्या दारावर आहे, कपांवर आणि पिशव्यांवरही आहे. आणखी एका जागी छापायची गरज नाही.

माझा संबंध काय, ते सांगते. मी तिची नातेवाईक नाही, वारस नाही. कॅमेरा हातात घेतला तर माझं बोट भिंगासमोर येतं. एका साप्ताहिकात ती फोटो काढायची आणि मी मजकूर लिहायचे. आम्हाला एकाच कामावर पाठवत, म्हणून एकत्र हिंडलो. साप्ताहिक बंद पडलं तरी हिंडायचं थांबलं नाही. छत्री एकच असली की ती कॅमेऱ्यावर आणि मी पावसात. माझी माणसं बोलून झाली, वही मिटली, की हिचं काम सुरू व्हायचं आणि मी ताटकळायचे. चिडले तर म्हणायची, "अगं, तुला ती काय बोलली ते हवं होतं. मला ती गप्प बसल्यावर काय करते ते हवंय."

माझ्या फोटोओळींवर ती लाल पेन्सिल फिरवायची, तीही कुठल्या संपादकाने फिरवली नाही इतक्या निर्दयपणे. "फोटोत दिसतंय ते कशाला लिहितेस? दिसत नाही ते लिही. नाव लिही, जागा लिही, तारीख लिही. आणि ते 'केविलवाणी' काढ आधी." पुढे तिच्याकडे शिकलेल्या मुलामुलींच्या तोंडी हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलं आहे. पहिल्यांदा ते माझ्यावर खेकसून म्हटलं गेलं होतं, एवढी फुशारकी मी मारणार.

आणि हा सगळा संग्रह तिने हयातीत तुमच्या संस्थेला दिला, तेव्हा दानपत्रावर साक्षीदार म्हणून सही मी केली. संग्रह अखंड ठेवावा, असं त्यात लिहिलेलं आहे. 'संग्रह' म्हणजे फक्त 'कलाकृती' आणि कलाकृती म्हणजे फक्त प्रिंट्स, हा अर्थ तुमच्या वकिलांनी नंतर काढला. सही करताना त्या टेबलाभोवती बसलेल्या कुणाच्याही मनात तो नव्हता. त्यात मीही होते आणि तुमचे तेव्हाचे संचालकही होते.

तुमच्या एका अधिकाऱ्याने मला फोनवर अतिशय सौजन्याने सांगितलं, की मित्रमंडळींच्या भावना समजतात, पण हा तांत्रिक निर्णय आहे. यावर मला अमेरिकन छायाचित्रकार बेरेनिस ॲबट आठवते. पॅरिसचे रस्ते, दुकानं, जिने, दारं टिपत राहिलेला यूजेन आत्जे १९२७ मध्ये वारला. त्याच वर्षी ॲबटने त्याचे फोटो काढले होते. ते दाखवायला ती गेली तेव्हा तो गेल्याचं तिला कळलं. तिने खटपट करून, कलाविक्रेता ज्युलियन लेव्हीची मदत घेऊन, त्याच्या प्रिंट्स आणि काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या आणि चार दशकं सांभाळल्या. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो संग्रह घेतला १९६८ मध्ये. आज आत्जेशिवाय फोटोग्राफीचा इतिहास शिकवता येत नाही. एका ओळखीच्या बाईच्या भावनेवर तो तगला होता. तांत्रिक निर्णय नंतर आले.

आता मूळ मुद्दा. तुमच्या टिपणात 'निवडक' हा शब्द आहे. निवड केली कुणी? ती शिकवायला उभी राहिली की आधी काय दाखवायची, हे तुमच्यापैकी निदान दोघांना माहीत असायला हवं, कारण ते तिच्या वर्गात बसलेले आहेत. गाजलेली प्रिंट ती कधीच आधी काढायची नाही. कॉन्टॅक्ट शीट काढायची. छत्तीस फ्रेम्सचा अख्खा रोल, सहा-सहाच्या पट्ट्या, नखाएवढी चित्रं, त्यांवर लाल पेन्सिलीच्या खुणा. भिंग मुलांच्या हातात द्यायची आणि विचारायची, मी कुठे चुकले सांगा. तिच्या हाताखालून जी पिढी तयार झाली ती या प्रश्नावर तयार झाली. तिचा प्रभाव म्हणून तुम्ही भिंतीवर मोठा मजकूर लावला आहे ना, तो प्रभाव याच कागदांतून गेला. प्रदर्शनमूल्य नाही म्हणता ते हेच कागद.

एक पट्टी सांगते. कारखान्याच्या बंद फाटकासमोर उभी असलेली बाई, कपाळावर आडवा हात, नजर लांब. हा फोटो तुमच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे. टाळेबंदीने मोडून पडलेलं आयुष्य म्हणून तो जगभर छापला गेला आणि तुमच्या दालनात त्याखाली 'अनाम कामगार स्त्री' असं लिहिलं आहे. ही एकविसावी फ्रेम. पट्टी सुरू होते एकोणिसाव्यापासून. तिच्यात नुसतं फाटक आणि कुलूप. विसाव्यात बाई पाठमोरी. एकविसावी तुम्हाला माहीत आहेच. बाविसाव्यात हात तसाच कपाळावर, पण तोंड उघडं, कुणाला तरी हाक मारते आहे. तेविसाव्यात डाव्या कडेकडून एक पोरगा पळत येतो, हातात चप्पल. चोविसाव्यात ती बाई सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे आणि उजव्या कोपऱ्यात अर्धी कापली गेलेली मी, हातात वही, तिला नाव विचारताना. कपाळावरचा हात उन्हासाठी होता. समोरून ऊन येत होतं आणि पोरगा दिसत नव्हता.

म्हणजे फोटो खोटा आहे का? नाही. कारखाना बंदच होता, बाईची नोकरी गेलीच होती. पण ती हताश होऊन क्षितिजाकडे बघत नव्हती, पोराला शोधत होती. नोकरी गेलेल्या दिवशीही माणसं पोराला हाका मारतात. माझ्या मैत्रिणीला हा फरक फार महत्त्वाचा वाटे. फोटो गाजल्याचा तिला आनंद झाला आणि तो ज्या कारणाने गाजला त्याचा संताप आला. म्हणून व्याख्यानात ती नेहमी सहाच्या सहा फ्रेम्स दाखवायची. तुमच्या वार्षिक अहवालात मी ही निगेटिव्ह पाहिली. एकच फ्रेम, सुटी, स्वतंत्र पाकिटात. पट्टी कात्रीने कापलेली आहे. उरलेल्या पाच कुठे आहेत?

हे पूर्वी घडून गेलेलं आहे, आणि ज्यांनी केलं त्यांचा हेतूही वाईट नव्हता. अमेरिकेत १९३० च्या दशकात फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या गरीब शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी खात्याच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना पंचने भोक पाडत. फोटोग्राफर चिडले, भांडले, शेवटी ती पद्धत बंद झाली. त्या संग्रहातल्या सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, भोकं पाडलेल्यांसकट. चेहऱ्यावर, आभाळात, कुठेही तो काळा ठिपका. अभ्यासक आता त्याच शोधत बसतात. स्ट्रायकरांनी भोक पाडलं, पण फिल्म फेकली नाही. तुमचं टिपण त्यांच्याही पुढे जातं.

नावांबद्दल. त्याच संग्रहात डोरोथिया लँगचा १९३६ चा 'मायग्रंट मदर' हा एका स्थलांतरित मजूर आईचा गाजलेला फोटो आहे. त्या बाईचं नाव लँगने नोंदवलं नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि तोवर आपल्या चेहऱ्याने आपल्याला काही मिळालं नाही हा त्या बाईंचा कडवटपणा मुरून गेला होता. नॅशनल जिऑग्राफिकच्या १९८५ च्या मुखपृष्ठावरची हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी शरबत गुला आहे, हे समजायला २००२ उजाडावं लागलं. माझ्या मैत्रिणीने हे आपल्या हातून होऊ नये म्हणून वह्या ठेवल्या. डाव्या रकान्यात रोल आणि फ्रेम, मग नाव, मग पत्ता किंवा 'चहाच्या टपरीवर विचारणे' असली खूण, आणि शेवटच्या रकान्यात 'प्रिंट पोचली' म्हणून बरोबरची खूण. जिथे ती खूण नसे तिथे महिन्यांनंतरही माझ्यामागे लकडा असे, की तू त्या बाजूला जाते आहेस ना, एवढी प्रिंट दे. फाटकासमोरच्या बाईचं नाव वहीत आहे, माझ्याच अक्षरात आहे, आणि पुढे बरोबरची खूण आहे. तुम्ही तिला 'अनाम' केलं कारण वही कुणी उघडली नाही. आता ती वहीच काढून टाकायची म्हणता. ते नाव मी इथे लिहीत नाही. आधी तिच्या घरच्यांना विचारायला हवं, आणि ते काम तुमचं आहे.

'स्कॅन आहे ना' हे उत्तर मला मिळेल याची कल्पना आहे. स्कॅन जरूर करा, आनंदाने करा, दूरच्या अभ्यासकांची सोय होईल. पण स्कॅन ही नक्कल आहे. आज ज्या यंत्रावर, ज्या घाईत आणि ज्या कंत्राटदाराकडून ती होईल, तेवढीच तिची प्रत. फाइल दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर, नव्या स्वरूपात न्यावी लागते. एकदा राहिली की राहिली. निगेटिव्ह वाचायला खिडकी पुरते. शिवाय टिपणात म्हटलं आहे की प्रत्येक रोलमधल्या 'प्रातिनिधिक' फ्रेम्सच स्कॅन होणार. म्हणजे बाविसावी, तेविसावी आणि चोविसावी स्कॅनमध्येही नसणार.

खर्चाचं मात्र मी झटकून टाकत नाही. तुमच्या कोठारातल्या काही डब्यांना आंबट वास येतो हे खरं आहे, मी स्वतः हुंगून पाहिलं आहे. ॲसिटेटची फिल्म जुनी झाली की ॲसिटिक ॲसिड सोडते, आक्रसते, कडक होते, वरचा थर सुरकुततो. त्याला व्हिनेगर सिंड्रोमच म्हणतात. एकदा सुरू झालं की ते आम्लच पुढची झीज वाढवत नेतं, आणि उष्मा व दमट हवा त्याला खतपाणी घालतात. पण यावरचा इलाज कचरापेटी नाही. आम्ल दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात ठेवल्या की निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. पिवळे डबे वेगळे काढायचे, त्यांचं स्कॅनिंग आधी करायचं, मग हवाबंद पिशव्यांत घालून गोठवायचे. बाकीचे थंड, कोरड्या खोलीत. बेटमन या अमेरिकेतल्या जुन्या छायाचित्रसंग्रहातल्या लाखो फोटोंसाठी पेन्सिल्व्हेनियात जुन्या खाणीत शून्याखालचं कोठार उभारलं गेलं. तुम्हाला खाण नको आहे, एका माणसाच्या आयुष्याचं काम मावेल एवढे फ्रीझर हवे आहेत. दालनाच्या नव्या दर्शनी भागाला पैसे मिळाले, तर याला का मिळू नयेत, हा प्रश्न मी विचारणार. दर्शनी भाग छान झाला आहे, हेही सांगते.

दुसरीकडे तुम्ही याच नाकारलेल्या निगेटिव्हमधून 'अप्रकाशित' प्रिंट्सची मर्यादित आवृत्ती काढलीत, आणि मागे तिच्या सहीचा शिक्का मारलात. एका हाताने फेकायचं आणि दुसऱ्या हाताने विकायचं, हे गणित मला जमत नाही. मृत्यूनंतर कुणाचं काम छापूच नये असं मी म्हणत नाही. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये गेला तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुतलेले मागे राहिले होते. ते धुतले गेले, आणि म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख जॉन सार्कोव्हस्कींनी १९८८ च्या प्रदर्शनात त्यातलं काही दाखवलं. पण कोणत्या फ्रेम्स त्याने निवडलेल्या नाहीत हे लपवलं नाही, आणि शेवटच्या काळातल्या कामाबद्दल स्वतःला असलेल्या शंकाही लिहून ठेवल्या. तुमच्या आवृत्तीत निवड कुणाची, प्रिंट कुणाची, आभाळ किती गडद करायचं हे कुणी ठरवलं, काही म्हणजे काही नाही. डार्करूममध्ये ती आभाळ गडद करायला तयार नसे, एवढं मी सांगू शकते. एन्लार्जरखाली हात फिरवून चेहरा थोडा उजळायची, तेवढ्यावर थांबायची, आणि "बास, आता नाटक होईल" म्हणून कागद डेव्हलपरमध्ये सोडायची.

रंग भरलेल्या पोस्टरांबद्दल काही बोलत नाही. ती काढून घ्या, एवढंच.

काही जण म्हणतात की तिलाच हे सगळं नको होतं, ती स्वतःच्या कामाबद्दल फार निष्ठुर होती. निष्ठुर होतीच. पण ब्रेट वेस्टन या छायाचित्रकाराने १९९१ मध्ये ऐंशीव्या वाढदिवशी स्वतःच्या निगेटिव्ह आगीत टाकल्या, तो त्याचा हक्क होता. माझ्या मैत्रिणीकडेही वेळ होता, काडेपेटी होती. तिने जाळलं नाही. शेवटच्या आजारपणात पलंगावर बसून तिने डब्यांवर लेबलं चिकटवली, आणि ज्या फ्रेम्स तिला अजिबात आवडत नव्हत्या त्यांच्या डब्यावर 'शिकवण्यासाठी' असं लिहिलं. ते डबे तुमच्या यादीत 'निष्कासन, पहिला टप्पा' या शीर्षकाखाली आहेत.

तेव्हा माझ्या मागण्या. पट्ट्या कापणं आजपासून थांबवा, आणि आतापर्यंत कापलेल्यांचे उरलेले तुकडे कुठे आहेत ते जाहीर करा. निष्कासनाचा ठराव मागे घ्या. किमान दानपत्रातल्या अटीवर तुमच्या पदरी नसलेल्या वकिलाचं मत घेईपर्यंत तो स्थगित ठेवा. नोंदवह्या आणि कॉन्टॅक्ट शीट्स मूळ संग्रहाचा भाग म्हणून नोंदवा आणि रोल क्रमांकाने निगेटिव्हशी जोडा. वहीत नाव असलेल्या एकाही माणसाला दालनात 'अनाम' म्हणू नका. त्या माणसांना किंवा त्यांच्या घरच्यांना शोधा, विचारा, आणि त्यांनी हो म्हटलं तर नाव लावा, नको म्हटलं तर 'नाव त्यांच्या इच्छेवरून दिलेलं नाही' असं लिहा. मृत्यूनंतर काढलेल्या प्रत्येक प्रिंटवर निवडणाऱ्याचं आणि प्रिंट करणाऱ्याचं नाव व साल घाला, सहीचा शिक्का बंद करा. आणि खरोखरच जागा नसेल, तर संग्रह न फोडता, अख्खा, सांभाळू शकणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्या. तशी संस्था शोधायला तिचे विद्यार्थी तयार आहेत. मी त्यांच्याशी बोलले आहे.

एक गोष्ट मी देऊ शकते. तिचं अक्षर वाचायला कठीण आहे आणि तिच्या खुणा तिच्या तिलाच कळायच्या. गोलाच्या आत गोल म्हणजे 'प्रिंट कर', नुसता तिरपा दांडा म्हणजे 'माणसाने नको म्हटलंय, छापू नये', आणि हा दांडा तुमच्या 'अप्रकाशित' आवृत्तीतल्या एका फोटोच्या कॉन्टॅक्टवर आहे, तो आधी तपासा. अशा खुणांचा उलगडा करायला मी येईन, मानधन नको. ज्यांची नावं अर्धवट आहेत त्यांतली बरीच माझ्या जुन्या वह्यांतून भरता येतील. मात्र हे काम मला उतारवयाच्या सवडीने करता येणार नाही, सवड किती आहे ते मला ठाऊक नाही. म्हणून तुमच्या येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्या आणि उत्तर द्याल ते या पत्रासारखंच जाहीर द्या.

आपली,
दानपत्रावरची साक्षीदार